स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडावी का?

कर्वेनगरी

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद 'आधी मापं द्या' एवढेच येतात.

कर्वेनगरात १९८८ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. टू बीएचके. घरात मी, बायको, आई आणि सातवीतली मुलगी. स्वयंपाकघर ८ बाय साडेदहा फूट. पॅसेजमधून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर सरळ ओटा, त्याच्या पार टोकाला सिंक. समोर खिडकी आणि खिडकीशेजारी ड्राय बाल्कनीचं दार. उजवीकडची साडेदहा फुटी भिंत हॉलची. तिच्या कडेने सध्या फ्रिज, स्टीलची मांडणी आणि वडिलांनी करून घेतलेलं फडताळ उभं आहे. त्या फडताळात नेमकं काय काय आहे हे आईखेरीज कुणाला ठाऊक नाही.

सकाळचे डबे बायको करते, रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. (यावर कौतुकाचे प्रतिसाद नकोत.) अडचण अशी की रात्री आठला मी आत एकटा आणि बाकी तिघी बाहेर. आईचे गुडघे गेलेत, तिला फार वेळ उभं राहवत नाही. ती हॉलमधल्या दिवाणावर पेपर पसरून मेथी निवडते आणि तिथून हुकूम सोडते. कुकरची शिट्टी, एक्झॉस्टची घरघर आणि मध्ये भिंत, त्यामुळे 'हिंग घातलास का?' यातलं मला फक्त 'का?' ऐकू येतं. मी 'हो' म्हणून टाकतो. मुलगी पाणी प्यायला येते, दोन मिनिटं रेंगाळते, शाळेतलं काहीतरी सांगायला लागते, पण टेकायला जागा नाही म्हणून निघून जाते. तिचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं फ्रिजचं दार उघडं धरून होतं.

कंत्राटदार भिंतीवर दोन टिचक्या मारून गेला. 'पोकळ वाजतेय साहेब, अर्ध्या दिवसात उडवतो. मधे आयलंड देऊ, वर तीन लोंबते दिवे, एकदम हॉटेल.' आठ फुटांत आयलंड म्हणजे आम्ही चौघांनी रोज त्याला प्रदक्षिणा घालायच्या.

बायकोचा साफ विरोध आहे. तिचे दोन मुद्दे. एक, सिंकमधली खरकटी भांडी दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही दिसणार. दुसरा मला जास्त पटला: सकाळी साडेसहाला तिला कुणाशी बोलायचं नसतं. दार लोटून, रेडिओ लावून पोळ्या लाटणं हा तिचा दिवसातला एकमेव एकांत, आणि माझ्या रात्रीच्या गप्पांसाठी मी तो काढून घेतोय.

तर भिंत पूर्ण पाडावी, अर्धी पाडावी की मुळात हा नादच सोडावा? आमच्याकडे गॅस पाइपचा आहे. चिमणी नाही, खिडकीच्या वरच्या झरोक्यात जुना एक्झॉस्ट पंखा आहे.

ठसका

पाडू नका. कारण: सुकटीची चटणी. यापुढे काही लिहीत नाही.

पार्सिप्पनीकर

ठसका यांना अनुमोदन, पण सविस्तर.

इकडे न्यू जर्सीत घर घेताना ओपन किचन गळ्यात पडतंच. दिसायला झकास. आमच्या घरातला हूड हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत माझ्याच तोंडावर सोडतो. इकडे बऱ्याच घरांत हाच प्रकार असतो. लाल मिरचीची फोडणी दिली की छताचा स्मोक अलार्म केकाटायला लागतो आणि घरातला एक माणूस टॉवेल हलवायला राखीव ठेवावा लागतो. यावर देशी मंडळींनी शोधलेला तोडगा म्हणजे मागच्या डेकवर किंवा गराजचं दार सताड उघडून दुसरी शेगडी मांडायची. म्हणजे इतके डॉलर मोजून घेतलेलं खुलं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी, आणि बांगडे तळणारा मनुष्य जानेवारीत जॅकेट घालून बाहेर. सोबतीला खारुताई.

एक मात्र कबूल. दिवाळीला चार कुटुंबं जमली की सगळी माणसं ओट्याभोवतीच उभी असतात. सोफे रिकामे. तेव्हा तुमची इच्छा रास्त आहे, उपाय कुठला ते इतर सांगतील.

सळई_आणि_सिमेंट

सजावटीचं मला कळत नाही, बांधकामाचं सांगतो.

टिचक्या मारून भिंतीची जात कळत नाही. प्लास्टर सुटलेली नऊ इंची भिंतही पोकळ वाजते. त्या काळातल्या चार मजली इमारतींत दोन्ही प्रकार सापडतात: कॉलम-बीमवर उभ्या असलेल्या आणि विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेल्या. पहिल्या प्रकारात मधली भिंत हा नुसता पडदा असतो. दुसऱ्यात तीच भिंत वरचे मजले डोक्यावर घेऊन उभी असते आणि तिला हात लावायचा नसतो.

घरबसल्या इतकं करा. त्या भिंतीत कुठे दार असेल तर चौकटीपाशी टेप लावा. प्लास्टर धरून साडेपाच-सहा इंच आली तर अर्ध्या विटेची भिंत, दहाच्या पुढे गेली तर नऊ इंची. छताला भिंतीच्या वर बीम आहे का पाहा. वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये त्याच जागी भिंत आहे का तेही बघून या. एवढ्यावर अंदाज येतो, निर्णय घेता येत नाही. निर्णयासाठी सोसायटीकडून मंजूर नकाशा घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष आणून दाखवा, त्याचं पत्र घ्या, मग सोसायटीची लेखी परवानगी. महापालिकेची परवानगी लागते का ते तोच सांगेल. कंत्राटदाराचं 'काही होत नाही हो' हे कागदपत्र नव्हे.

अर्ध्या विटेच्या भिंतीत खिडकीएवढं भगदाड करायचं तरी वर लिंटेल (वरच्या विटा पेलणारी आडवी तुळई) हवी, दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच टेकलेली. फोडताना ब्रेकर लावू देऊ नका, कटरने रेघ मारून कापायला सांगा, नाहीतर शेजाऱ्यांच्या टाइल्स सुटतात आणि पुढची दोन वर्षं जिन्यात मान खाली घालून चढावं लागतं. त्या भिंतीतून हॉलच्या वायरिंगचे पाइप गेले असणार, तेही आधी शोधा.

गॅसबद्दल. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो, म्हणून झरोका बुजवू नका. फॉल्स सीलिंग करायच्या नादात लोक नेमका तोच बुजवतात. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी लागते. दोन्हींचे नियम उलटे आहेत आणि सुतार सगळीकडे एकच जाळी मारतात. पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून, आपल्या प्लंबरकडून नाही.

गुहागरची_माई

तुमचं दिवाणाचं वर्णन वाचून हसले.

आमच्या कोकणातल्या घरी चुलीपाशी एकच बाई असायची आणि तिच्याशी बोलायला कुणी जात नसे. धूर, सोवळं आणि घाई. एका वेळी चुलीवर भात, वैलावर आमटी, तिला मान वर करायला फुरसत नाही. बैठक जमायची ती माजघरात, नाहीतर मागच्या पडवीत. एक विळीवर बसून नारळ खवतेय, एक आठळ्या सोलतेय, एक नुसतीच भिंतीला पाठ लावून सगळ्या वाडीची उणीदुणी काढतेय. मुलं खोबऱ्यासाठी घोटाळत असत, तीही ऐकून शहाणी होत. काम हातात असलं की गप्पांना बसायला निमित्त लागत नाही. नुसतं 'ये, माझ्याशी बोलत बस' म्हटलं की कुणी बसत नाही, करून बघा.

तेव्हा तुमचं माजघर आहेच, ते दिवाणावर आहे. तुम्हाला ते गॅसच्या जरा जवळ सरकवायचंय, एवढंच.

आणि एक विचारू का? कंत्राटदाराला विचारलंत, बायकोला विचारलंत, इथे आम्हाला विचारताय. आईंना कुठे बसायचंय ते त्यांना विचारलंत?

कर्वेनगरी

माई, विचारलं. उत्तर जसंच्या तसं: 'भिंत पाडा नाहीतर ठेवा, मला हातांची खुर्ची द्या. दिवाणावरून उठताना माझी फजिती होते. आणि तू कढईत काय टाकतोयस ते मला दिसलं पाहिजे.' वर, खिडकीपाशी बसवलंस तर रस्त्यावरचं भाजीवाल्याचं येणंजाणंही कळेल, अशी पुरवणी.

सळई, हॉलच्या भिंतीत पूर्वी दार होतं, ते बुजवून वडिलांनी तिथे छोटा कोनाडा ठेवलाय. तिथे टेप लावली: प्लास्टरसकट साडेपाच इंच. वर बीम आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी त्याच भिंतीत दार फोडलेलं आहे, पण परवानगी घेतली होती का विचारल्यावर त्यांनी चहा घेणार का विचारलं. इंजिनिअर शनिवारी येतोय.

रेघोट्या

मी इंटिरिअरची कामं करते, बरीचशी पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत. इंजिनिअरने होकार दिला असं धरून लिहिते.

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. तुमचा गॅस डाव्या भिंतीला आहे आणि पाडायची भिंत उजवी. म्हणजे सगळा राडारोडा उचलून झाल्यावर हॉलमधल्यांना दिसणार तुमची पाठ, आणि तुम्हाला दिसणार तीच ती टाइल. आवाज थोडा बरा येईल, वास भरपूर जाईल, आणि तोंडासमोर माणूस मात्र येणार नाही. गॅस उजवीकडे न्यावा तर पाइप आणि चिमणीची नळी दोन्ही खोली ओलांडून न्यावी लागेल. तो खटाटोप मी तरी करणार नाही.

आता एक संध्याकाळ घड्याळ लावून बघा. गॅसकडे तोंड करून, हलणं शक्य नाही असा वेळ किती जातो? फोडणी, परतणं, पोळ्या भाजणं. उरलेला सगळा वेळ निवडणं, धुणं, चिरणं, कणीक मळणं, ताटं घेणं. ही कामं गॅससमोरच करावीत असं कुठे लिहिलेलं नाही, ओटा तिथे आहे म्हणून आपण ती तिथे करतो. ती कामं उजव्या भिंतीला न्या, हॉलकडे तोंड करून. मग भिंत पूर्ण पाडायची गरजच उरत नाही, डोळ्यांच्या पातळीला एक खिडकी पुरते.

मापं बघू. खोलीची रुंदी ९६ इंच. डावा ओटा २४. उजवीकडे १८ इंच खोल ओटा केला तर मध्ये ५४ राहतात. दोन माणसांना एकमेकांच्या पाठीमागून जायला ४८ लागतात, म्हणजे सुखाने बसलं. उजव्या भिंतीची लांबी १२६ इंच. दाराजवळ फ्रिज, अडीच फूट. त्याच्या पुढे चार फुटांचा चिरायचा ओटा, वर चार फूट रुंद आणि तीन फूट उंच खिडकी हॉलमध्ये उघडणारी. सगळ्यात शेवटी, बाहेरच्या खिडकीजवळ, तीन फूट लांबीची खालची फळी: उंची २९ इंच, खोली १५, खाली कपाट अजिबात नाही, गुडघे आत जायला मोकळी. ती आईंची जागा. हातांची खुर्ची, बैठक १८ इंच उंच, पाय न घसरणारे. खुर्ची जरा वळवून बसलं की गॅस तिरपा समोर येतो, कढई दिसते, रस्ता दिसतो. मेथीचे देठ टाकायला फळीखाली डबा अडकवा म्हणजे पेपर पसरायला नको. (पेपर त्या तरीही पसरतील.) खुर्ची मागे ओढली तरी तीन फुटांहून थोडी जास्त वाट उरते.

फ्रिज दारातच ठेवायचा तो मुद्दाम. पाणी, दूध, बर्फ यासाठी येणारा माणूस गॅस आणि सिंकच्या मध्ये घुसता कामा नये. आणि तुमच्या मुलीची जागा ती आहे ना, फ्रिजचं दार? मग तिथेच हॉलच्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्याला लागून एक उंच स्टूल द्या. कट्टा हॉलमध्ये आठ-दहा इंच बाहेर काढला की वही मावते. तिला आत बोलवू नका, ती बाहेर बसूनच जास्त बोलेल. सातवीतल्या मुलांना समोरच्याचे हात कामात आहेत आणि डोळे आपल्यावर नाहीत असं असलं की बरं वाटतं.

उंचीचं. डावा ओटा किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या काळातले बहुतेक ३२ इंचांच्या आसपास असतात. नियम सोपा: हात कोपरात काटकोनात दुमडायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तुम्ही उंच असाल तर नवा ओटा ३६ चा करा, तो तुमचा. पोळ्या लाटायला मात्र वरून भार द्यावा लागतो, तिथे कमी उंचीच चांगली, म्हणजे जुना ओटा बायकोला सोयीचा आहे, त्याला हात लावू नका. सगळं एका उंचीत हवं हा हट्ट फोटोसाठी असतो.

बायकोच्या एकांताला खिडकीला सरकती झडप. काच हवी असेल तर रेघांची घ्या: उजेड येतो, माणूस आहे एवढं कळतं, भांडी दिसत नाहीत. पॅसेजचं दार अजिबात काढू नका. सुकट भाजायच्या दिवशी दोन्ही बंद. ठसका, आपलाही विचार केलाय.

थोडं विषयांतर. आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्या सगळ्या खानदानाची आजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे तुमच्यापेक्षा लहान. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरावरून घेतलेली कल्पना: पावलं मोजून वाचवायची. कामाची जागा खिडकीखाली, बसून चिरायला फिरतं स्टूल, छताला सरकवता येणारा दिवा आणि बसायच्या खोलीत उघडणारं सरकतं दार, म्हणजे काम करताना मुलांवर नजर राहावी. विचार किती बारकाईने केलाय पाहा. पण स्टूल एकच. दुसरा माणूस आत आला की तो अडचण ठरावा इतकं ते एका बाईच्या मापाने बेतलेलं, आणि पुढे टीका झाली तीही यावरूनच. आपल्या बिल्डरांनी त्यातली काटकसर तेवढी उचलली. सरकतं दारही गेलं आणि स्टूलही.

असो. चिमणी लावा, पण हवा बाहेर फेकणारीच. नळी सहा इंची, जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, आणि रुंदीला शेगडीएवढी तरी हवी. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: दारं-खिडक्या गच्च बंद करून चिमणी लावली तर ती ओढणार काय? जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट लागते. तुमच्या बाबतीत हॉलची खिडकी किलकिली ठेवून मधली झडप उघडली की हवा हॉलकडून आत येईल आणि वास घेऊन बाहेर जाईल. उलटा प्रवाह नको, म्हणजे ड्राय बाल्कनीचं दार त्या वेळी बंद. सळईंनी सांगितलेला झरोका तसाच राहू द्या.

नव्या ओट्याला पांढरा क्वार्ट्झ सुचवतील. नको म्हणा. त्यात राळ असते, गरम कुकर थेट ठेवला की डाग कायमचा, आणि हळदीचं तर विचारूच नका. आपल्याकडे हळद सांडत नाही असा एक दिवस दाखवा. काळा ग्रॅनाइट जुना झाला म्हणून वाईट होत नाही. आईंच्या फळीला मात्र लाकूड द्या, सागाचं, तेल लावलेलं. थंडीत पहाटे दगडावर हात टेकवत नाहीत, आणि लसूण सोलताना वाटीचा खणखणाटही होत नाही.

मिक्सरचा पॉइंट ड्राय बाल्कनीत काढा. एकदा खिडकी फोडली की वाटणाचा आवाज सगळ्या घराचा होतो. दिवा: सध्या ट्यूब तुमच्या पाठीमागे असणार, म्हणजे चिरताना स्वतःचीच सावली बोटांवर. दोन्ही ओट्यांवर पट्टीचे दिवे, ४००० केल्विनचे. आईंच्या खुर्चीवर आणि मुलीच्या स्टुलावर वेगळ्या बटणाचा पिवळसर, २७०० ते ३०००. जेवणं आटोपल्यावर पांढरा बंद करून पिवळा ठेवला की माणसं उठत नाहीत. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय, ज्यांना पाहुणे लवकर जायला हवेत त्यांनी ध्यानात ठेवावं.

पार्सिप्पनीकर

हळदीचा मुद्दा सोन्याने मढवून ठेवा. आमचा ओटा पांढरा आहे. होता.

गुहागरची_माई

रेघोट्या, छान लिहिलंस गं. एक भर: त्या खुर्चीशेजारी हाताला लागेल असा एखादा खण आईंच्या स्वतःच्या ताब्यात राहू दे. सुपारी, चष्मा, वेलची, सुया, काय असेल ते. नुसतं बसवून ठेवलेलं माणूस पाहुणा होतं.

कर्वेनगरी

शनिवारी इंजिनिअर येऊन गेला. इमारत कॉलम-बीमवर आहे, भिंत नुसती पडदा. पूर्ण काढली तरी चालेल म्हणाला, पण आता काढायची नाही. खिडकी साडेतीन बाय तीन, कारण चौथ्या फुटात नेमके हॉलचे वायरिंगचे पाइप निघाले. लिंटेल बसवून, पत्र देतो म्हणाला. सोसायटीला अर्ज दिलाय. सचिवांनी 'वास जिन्यात येणार नाही ना?' एवढंच विचारलं, जणू आजवर येत नव्हता.

बायकोने नकाशा पाहून दोन बदल केले. झडपेला आतून कडी. आणि ती आतूनच, यावर ठाम.

फडताळावर मोठी चर्चा झाली. मी ते बेडरूममध्ये हलवायचं सुचवलं, आईने नुसतं पाहिलं. शेवटी उघडलं. आत माझ्या मुंजीतली पितळी पातेली, सोऱ्याच्या झाडून सगळ्या चकत्या, अनारशाचं पीठ चाळायची वेगळी चाळणी, आणि सहा काचेच्या बरण्या ज्यांतल्या एकीत अजून लिंबाचं काळं झालेलं लोणचं होतं. लोणचं चांगलं निघालं, रात्री खिचडीबरोबर खाल्लं. तर माईंच्या सूचनेप्रमाणे फडताळाचा खालचा अर्धा भाग सुताराकडून कापून घेऊन आईच्या फळीच्या बाजूला बसवतोय. भिंतीवर तेवढे दहा-बारा इंच शिल्लक राहतात, शनिवारी मोजून घेतलं. पातेली माळ्यावर. चकत्या जिथल्या तिथे, त्यावर तडजोड नाही असं कळवण्यात आलंय.

आता अडलंय ते झडपेच्या रुळावर. खाली रूळ ठेवला तर त्यात कणीक, मोहरी, मुंग्या. वरून लोंबती ठेवली तर काच हलते असं सुतार म्हणतो. कुणी वापरलीय का?

रेघोट्या

वरचाच रूळ घ्या. खाली रुळाऐवजी दोन्ही कोपऱ्यांत एकेक छोटा नायलॉनचा गाइड बसवतात, काच त्याच्या खाचेतून सरकते, हलत नाही, आणि कट्टा एका फडक्यात पुसून होतो. सुतार 'मिळत नाही' म्हणेल. काच-दारांचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतो, तुम्ही स्वतः जाऊन आणा. काच टफन्डच, आणि कापायच्या आधी खिडकीची मापं प्लास्टर झाल्यावर पुन्हा घ्या.